उशाशी बसलेली मुलगी

मागच्या रांगांमध्ये ड्यूटीवरून थेट युनिफॉर्मवरच आलेल्या माझ्या मुलींनो,

आज मला बोलायचं आहे ते मुख्यतः मागच्या रांगांशी. पुढच्या रांगांनी ऐकावं, पण रागावू नये.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांना हयातीत कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्या आमच्या बाई. आम्हाला मिडवायफरी शिकवायच्या. ड्यूटी संपली की आम्ही विद्यार्थिनी रिपोर्ट द्यायला उभ्या राहायचो. बाकीच्या ट्यूटर विचारायच्या, “आज किती झाल्या?” बाई विचारायच्या, “तीन नंबरच्या बाईने शेवटचं पाणी कधी प्यायलं?” उत्तर आलं नाही तर त्या ओरडायच्या नाहीत. “जा, विचारून ये,” एवढंच. पाय भरून आलेले, मेसची वेळ टळत चाललेली, आणि आम्ही पुन्हा लेबर रूमच्या दारात. तेव्हा वाटायचं, बाई उगाच छळतात. त्या एका प्रश्नात त्यांची सगळी मिडवायफरी होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कारण पाणी कधी प्यायलं हे केसपेपरवर नसतं. ते फक्त जवळ बसलेल्या माणसाला माहीत असतं.

म्हणून आजचा विषय एवढाच आहे: जवळ कोण बसलं होतं?

आधी कळ म्हणजे काय ते नीट बघू. मुलींनो, तुम्ही पुस्तकात वाचता की जोर धरलेल्या कळा दहा मिनिटांत तीन-चार येतात आणि एकेक कळ पाऊण ते एक मिनिट टिकते. आता हिशेब करा. दहा मिनिटांतली सहा-सात मिनिटं कळ नसतेच! अख्खं बाळंतपण म्हणजे सलग वेदना, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं ते नाही. लाट येते, शिगेला पोचते, ओसरते, मग शांतता. त्या शांततेत ती बाई काय करते? एकटी असेल तर पुढच्या कळेची वाट बघते. दात आवळून, खांदे वर घेऊन, टेबलाची कड धरून वाट बघते. म्हणजे कळ नसतानाही ती कळेतच असते. भ्यालेल्या शरीरात ॲड्रेनॅलिन चढतं, आणि ज्या ऑक्सिटोसिनच्या जोरावर गर्भाशय आकसतं त्याच्या आड ते येतं. घाबरलेली गाय, म्हैस पान्हा चोरते, हे आपल्याकडे गोठ्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मग घाबरलेल्या बाईच्या कळा मंदावल्या तर आपण तिलाच का बोल लावतो? “जोरच लावत नाही ही” असं का म्हणतो?

मोकळ्या सहा-सात मिनिटांत कुणी कपाळ पुसलं, घोटभर पाणी दिलं, “ही गेली, आता सोड अंग” एवढं म्हटलं, तर पुढची कळ वेगळ्या शरीरात येते. मी हे अलंकारिक बोलत नाही. खांद्यावर हात ठेवून बघा, हाताला कळतं.

आणि घाई. आमच्या काळी पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाची प्रगती नोंदवायच्या तक्त्यावर, रेघ आखलेली असायची. तासाला एक सेंटिमीटर गर्भाशयाचं तोंड उघडलंच पाहिजे. नाही उघडलं, की सगळ्यांच्या भुवया वर. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की हा एकच वेग सगळ्या बायकांना लावू नका. जोरकस कळांची अवस्था पाच सेंटिमीटरपासून धरा. तिथून पुढे पूर्ण उघडायला पहिलटकरणीला 12 तासांपर्यंत लागू शकतात. बारा तास! बारा तास कोण बसणार? डॉक्टरांना बसता येत नाही, त्यांना दुसरीकडे सिझेरियन आहे. स्टाफ सिस्टरला येत नाही, तिच्याकडे चार टेबलं आणि रजिस्टरं आहेत. मावशींना फरशी पुसायची आहे. लेबर रूममध्ये वेळ नावाची वस्तू एकाच माणसाजवळ असते, ती म्हणजे विद्यार्थिनी. तिला अजून फारसं काही येत नाही, म्हणूनच तिच्याजवळ वेळ असतो. हे कमीपणाचं नाही, मुलींनो. ते तुमचं भांडवल आहे.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी जाहीरपणे आजवर सांगितलेली नाही.

साल 1984. खानदेशातलं एक सरकारी रुग्णालय. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो पुढे 1998 मध्ये झाला. त्यामुळे सातपुड्यातल्या बायका फार दुरून, जीप आणि एसटी बदलत यायच्या. माझी मिडवायफरीची पोस्टिंग चालू होती. लॉगबुकात 20 प्रसूती स्वतःच्या हाताने केल्याच्या नोंदी भरायच्या होत्या. माझ्या 17 झाल्या होत्या आणि पोस्टिंगचे चार दिवस उरले होते. हे आकडे लक्षात ठेवा.

रात्रपाळीला तीन नंबरवर एक पावरा आदिवासी मुलगी होती. माझ्याच वयाची असेल, वीसएक वर्षांची. पहिली खेप. तिला मराठी येत नव्हतं, मला पावरी येत नव्हती. मी तिच्या उशाशी बसले. माझ्या मनगटावर वडिलांनी घेऊन दिलेलं एचएमटीचं घड्याळ होतं. कळ आली की ती नेमकी घड्याळावरच पकड घ्यायची आणि पट्ट्याचं बक्कल माझ्या हातात रुतायचं. दोन-तीन कळांनंतर मी घड्याळ काढून खिशात टाकलं. मग तिला नुसतं मनगट मिळालं. काय करावं ते मला सुचत नव्हतं. तिथल्या मावशींनी माझा दुसरा हात धरला, तिला कुशीवर वळवलं आणि माझ्या तळहाताची टाच तिच्या कमरेवर, माकडहाडाच्या जरा वर टेकवली. “दाब,” म्हणाल्या. मी दाबलं. तिने मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. कळ आली की दाबायचं, गेली की सोडायचं. तासाभरात आमची लय बसली. कळ येतेय हे तिच्या श्वासावरून मला आधी कळायला लागलं. बिनभाषेचं आमचं छान चाललं होतं.

ती मधूनमधून ओरडायची, “याहा! याहा!” मला वाटलं, विव्हळते आहे. मावशी बादली ठेवून म्हणाल्या, “अवं पोरी, ती तिनी मायले बलाई ऱ्हायनी.” याहा म्हणजे आई. आणि आई कुठे होती? लेबर रूमच्या जाळीच्या दरवाजाबाहेर, फरशीवर, गाठोडं मांडीशी घेऊन. संध्याकाळपासून. आमच्या दोघींपासून तीसेक पावलांवर. नातेवाइकांना आत मनाई होती. त्या दरवाजाला त्या रात्री कुलूपसुद्धा नव्हतं. मी उघडू शकले असते का? विचारू तरी शकले असते. मी विचारलं नाही.

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पलीकडच्या टेबलावरून हाक आली, “डोकं दिसतंय, कुणाला एन्ट्री हवी आहे का?” माझ्या 17 झाल्या होत्या. तिची बोटं माझ्या मनगटाभोवती होती. ती मी एकेक करून सोडवली. कळ चालू असताना सोडवली. आणि गेले.

पाऊण तासाने परत आले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओरडणं थांबलं होतं. याहासुद्धा नाही. मी कमरेला हात लावला तर तिने अंग आक्रसून घेतलं. पहाटे ती मोकळी झाली. मुलगी झाली, लगेच रडली, वार पूर्ण पडली, रक्त बेताचं गेलं. कागदावर त्या बाळंतपणात एक अक्षर वावगं नव्हतं. तिने पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही.

सकाळी बाईंनी विचारलं, “तीन नंबरच्या बाईने शेवटचं पाणी कधी प्यायलं?” मला माहीत होतं. “दोन वाजता.” “मग?” “मग मी उठले, बाई.” बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तिच्या आईला भेटून ये.” मी गेले. म्हातारी वॉर्डात खाटेशेजारी फरशीवर बसली होती. काय बोलणार? तिने गाठोडं बाजूला सरकवलं आणि मला बसायला जागा केली.

असो.

कुणी म्हणेल, सिस्टर, एवढं काय त्यात? बाई सुखरूप, बाळ सुखरूप. खरं आहे. सुखरूप हा शब्द लहान नाही. आनंदीबाई जोश्यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या समुद्रापार गेल्या आणि 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय कोणता होता? आपल्याकडचं प्राचीन प्रसूतिशास्त्र. सुखरूप बाळंतपणासाठी या मातीतल्या बायकांनी काय मोल दिलं आहे, हे मला या सभागृहात सांगायची गरज नाही. आज महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ 95 बाळंतपणं दवाखान्यात होतात. 2018 ते 2020 या काळात राज्यातलं मातामृत्यूचं प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे 33 वर आलं. देशाचं तेव्हा 97 होतं. हे यश दवाखान्यांचं आहे, सिस्टरांचं आहे, आशाताईंचं आहे. मी घरच्या बाळंतपणाचे गोडवे गायला उभी राहिलेले नाही. विळ्याने कापलेली नाळ आणि त्यातून होणारा धनुर्वात माझ्या आजीच्या पिढीने बघितला आहे.

पण सुईणबाईकडे एक गोष्ट होती. ती उठून जात नसे. तिला दुसरं टेबलच नव्हतं! आपण बाळंतपण माजघरातून लेबर रूममध्ये आणलं तेव्हा कात्री आणली, हातमोजे आणले, इंजेक्शन आणलं. चांगलं केलं. मात्र उशाशी बसणारं माणूस आपण जाळीच्या बाहेर ठेवलं आणि त्याच्या जागी कुणाची नेमणूकच केली नाही.

बसण्याने काय होतं, याचा पुरावा आता भरपूर आहे. ग्वाटेमालात एका गजबजलेल्या रुग्णालयात संशोधकांनी साधी गोष्ट केली: काही पहिलटकरणींजवळ एक बाई बसवली. ती त्यांच्या ओळखीची नव्हती, नर्सही नव्हती. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची. 1980 साली निष्कर्ष छापून आले. जिच्याजवळ कुणी होतं तिचं बाळंतपण जवळजवळ निम्म्या वेळात आटोपलं होतं. पुढे जगभर असे प्रयोग झाले. 2017 मध्ये अशा 26 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, 17 देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक बायका. सतत सोबत असेल तर नैसर्गिक प्रसूती वाढते, सिझेरियन कमी होतं, कळांचा काळ आखूड होतो, वेदनाशामकं कमी लागतात. असा गुण एखाद्या गोळीचा असता तर प्रत्येक लेबर रूमच्या ट्रेमध्ये ती गोळी दिसली असती, नाही का?

सरकारलाही हे पटलं. 2016 साली केंद्राने सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीबरोबर एक सोबतीण आत घ्यायला परवानगी दिली. मी तो कागद वाचला तेव्हा बत्तीस वर्षांपूर्वीचा जाळीचा दरवाजा डोळ्यांपुढे आला. 2017 च्या अखेरीस लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला, त्यातही सन्मानाने वागवण्यावर भर आहे. 2018 मध्ये मिडवायफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं आली, परिचारिकांसाठी 18 महिन्यांचं खास मिडवायफरीचं शिक्षण ठरलं. कागद चांगले आहेत. पण दरवाजाशी उभा असलेला शिपाई कागद वाचत नाही. सोबतिणीला आत घ्या, असं त्याला कुणी सांगायचं? तुम्ही सांगायचं. सगळ्यांत धाकट्या विद्यार्थिनीने. मी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

आता काही जणी मनात म्हणत असतील, बसायचं म्हणजे नुसतं बसायचं? नाही. बसणारीचे हात आणि कान कामात असतात.

हातांचं सांगते. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात 1840 च्या दशकात दोन प्रसूतिविभाग होते. एकात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणपणाच्या विद्यार्थिनी. पहिल्यात शंभरातल्या दहाच्या आसपास बायका सूतिकाज्वराने दगावत, दुसऱ्यात चारच्या आत. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होतं. दुसऱ्या विभागात घ्या म्हणून त्या गयावया करत. तिथल्याच डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइसने 1847 साली कारण शोधलं: डॉक्टरकीचे विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. त्या विद्यार्थिनी काही जास्त मायाळू होत्या म्हणून बायका वाचल्या नाहीत. त्यांचे हात प्रेतांना लागलेले नव्हते, एवढंच. प्रेम असून हात अस्वच्छ असतील तर ते प्रेम जीव घेतं. म्हणून कमरेला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर हात धुवा. दर वेळी.

आणि कानांचं. बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160. यंत्र लावलेलं असलं तरी कळ ओसरताना ऐका, ठोके मंदावून परत वर येतात का ते ऐका. बाईचा आवाजही ऐका. तळातून, कुंथल्यासारखा हुंकार आला की बोट घालून तपासायच्या आधी तुम्हाला कळलेलं असतं की वेळ जवळ आली. “ओरडू नका” म्हणणाऱ्या लेबर रूममध्ये हा आवाज ऐकूच येत नाही. ज्याला आपण शिस्त म्हणतो ती आपल्यालाच बहिरं करते!

जवळ बसलेलीला आधी कळतं, याचं एक उदाहरण. मी स्टाफला असतानाचं. वार पडली होती, इंजेक्शन दिलेलं होतं, सगळे आवराआवरीला लागले होते. एक विद्यार्थिनी बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून बसली होती, नुसती तिच्याशी बोलत. बारसं कधी, नाव काय ठेवणार, असलं काहीतरी. मध्येच म्हणाली, “सिस्टर, पोट मऊ लागतंय.” आम्ही शिकवलेलं असतं, वार पडल्यावर गर्भाशय नारळासारखं टणक हवं. तिच्या हाताखाली ते भिजवलेल्या कणकेसारखं झालं होतं. रक्त चादरीखाली साचायला लागलं होतं, अजून बाहेर कुणाला दिसलं नव्हतं. पुढची दहा मिनिटं आम्ही धावलो आणि ती बाई वाचली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव वाट बघत नाही. त्या मुलीने त्या दिवशी कुठलीही प्रसूती ‘केली’ नव्हती. तिच्या लॉगबुकात त्या दिवसाची ओळ कोरी आहे.

आणि इथे मी पुढच्या रांगांकडे वळते. प्राचार्य आहेत, ट्यूटर आहेत, मेट्रन आहेत. आपण मुलींच्या वहीत काय मोजतो? बाळ कुणाच्या हातात आलं, ते. डोकं दिसल्यापासून वार पडेपर्यंतचा अर्धा तास. त्याआधीचे दहा-बारा तास कुणाचे? ते कुठल्याच रकान्यात नाहीत. जे मोजलं जात नाही ते मुलगी लवकरच सोडून देते, कारण ती हुशार असते. डोकं दिसणाऱ्या टेबलाकडे धावायला आपणच तिला शिकवतो. मी धावले. मला कुणी रागावलं नाही. उलट 18 वी नोंद सहीसकट मिळाली.

हात शिकले पाहिजेत, त्याला पर्याय नाही; प्रसूती केल्याशिवाय प्रसूती येत नाही. त्या 20 नोंदी काढून टाका असं मी म्हणत नाही. मी एकच मागणं मागते आहे. नव्या बॅचच्या वहीत आणखी एक पान आखा. त्यावर निदान पाच बायका असू द्या, ज्यांच्याजवळ ती मुलगी कळांपासून सुटकेपर्यंत बसली. रकाने फार नकोत. बसल्याची वेळ. शेवटचं पाणी कधी. सोबतीला आत कोण होतं. उठल्याची वेळ. आणि मध्येच उठली असेल तर का.

असं एक पान मी स्वतःसाठी आखलं आहे, निवृत्तीनंतर, घरी बसून. पहिल्या ओळीत बाईचं नाव नाही, कारण त्या रात्री मी ते विचारलंच नव्हतं. तीन नंबर, एवढंच लिहिलं आहे. शेवटचं पाणी, दोन वाजता. सोबतीला आत कोण, कुणी नाही; आई बाहेर. उठल्याची वेळ, दोन वाजून दहा मिनिटं. कारण, वही.